केलंत की केलंस

मी डबिंगचे संवाद लिहिते. परदेशी मालिकेतला माणूस तोंड उघडतो आणि बंद करतो, त्या मधल्या वेळात मावेल तेवढं मराठी त्याच्या तोंडात कोंबायचं, आणि ते कोंबलंय असं कोणाला वाटू द्यायचं नाही, हे माझं काम. तोंडाच्या हालचालीला आमच्याकडे लिप म्हणतात. लिप बसली, लिप नाही बसली, एवढ्यावरच आमचा दिवस जातो. स्टुडिओ साकीनाक्याच्या पुढे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके बनतात. कटिंगचं मशीन सुरू झालं की आमची फरशी थरथरते आणि अंतराळातलं युद्ध पाच मिनिटं थांबवावं लागतं.

मला ती मालिका मिळाली तेव्हा मी घरी फोन करून आधी नुसती ओरडलेच होते. कारण त्याच मालिकेचे आधीचे तीन सीझन मी कॉलेजात असताना मराठी डबिंगमध्ये पाहिले होते, काही एपिसोड तर चार-चार वेळा. एक जुनं जहाज, पन्नाशीची कप्तान बाई आणि इंजिन सांभाळणारा सत्तरीचा मेकॅनिक. दोघं दिवसभर एकमेकांना तू-तू करत भांडतात आणि जहाज पडता पडता वाचवतात. आता आलेली नवी मालिका म्हणजे प्रीक्वेल, त्याच्याही सत्तावीस वर्षं आधीची गोष्ट. बाई तेवीस वर्षांची, नुकतीच अधिकारी होऊन गोदीत आलेली. तो बेचाळीसचा, गोदीतला फोरमन. जहाज अजून अर्धवट बांधलेलं.

आईला मी हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मागचं पुढे आलं."

"हो, तसंच."

"मग तो मेलेला नाही ना शेवटी? एवढं सांग."

आठ एपिसोड होते. संवाद लिहायचं काम माझं एकटीचं. आमच्याकडे डबिंग डिरेक्टर आहे तिला सगळे ताई म्हणतात. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हा सीझन नीट गेला तर पुढचे सीझनही तुझे. नाही गेला तर तू परत स्वयंपाकाच्या शोवर. एक चमचा जिरं, अर्धा चमचा हळद."

त्या शोवर मी आठ महिने काढले होते. जिऱ्यावर माझा काही राग नाही, पण मला अंतराळ हवं होतं.

प्रीक्वेल लिहिण्यातली गंमत मला सुरुवातीला फक्त यंत्रांची वाटली. जुन्या मालिकेत जहाज लांबचं अंतर कापडासारखं दुमडून पलीकडे जातं, आणि ते करायची वेळ आली की कप्तान नुसतं म्हणते, "घडी घाल." पूर्वी ज्याने कोणी हे लिहिलं त्याला माझा नमस्कार. पण प्रीक्वेलमध्ये ते इंजिनच नवं. कोणालाच त्यावर भरवसा नाही. मग तिथे घडी हा शब्द कसा येईल? घडी म्हणायला ती गोष्ट हजार वेळा हाताखालून गेलेली पाहिजे. म्हणून मी त्यांना सरकारी शब्द दिला, अंतरसंकोचन यंत्रणा. लिप बसवताना माझी वाट लागली, पण कानाला ते बरोब्बर नवं, कोरं, लेबल न काढलेलं वाटत होतं. चौथ्या एपिसोडमध्ये मेकॅनिक वैतागून पहिल्यांदा म्हणतो, "अरे घडी घालायची आहे नुसती, केवढं मोठं नाव." ते लिहिलं त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की घाटकोपरला उतरून दोन वडापाव खाल्ले. सगळंच मी तसं केलं. जुन्या मालिकेत दारं बोललं की उघडतात, इथे चाक फिरवावं लागतं, तर मी चाकाचे शब्द शोधले. तिथे रोबोटला लाडाचं नाव आहे, इथे त्याला नुसता नंबर.

पहिले चार एपिसोड ताईने पास केले. सोमवारपासून रेकॉर्डिंग.

रविवारी दुपारी घरी बाबा लसूण सोलत बसले होते. व्हिडिओ स्टुडिओबाहेर नेता येत नाही, पण लिहिलेले संवाद माझ्या लॅपटॉपवर असतात. मोठ्याने वाचून बघितले की कुठे जीभ अडकते ते कळतं, म्हणून मी पहिला एपिसोड दोन आवाजांत वाचायला घेतला. आमचं घर विहाराच्या मागच्या बिल्डिंगमध्ये, तिथे रविवारी दुपारी शांतता असते. बाबा चेंबूरच्या पुढे एका कारखान्यात फिटर होते, तीस वर्षं. आता रिटायर. त्यांना अंतराळात इंटरेस्ट नाही, पण गोदीतला फोरमन म्हटल्यावर ते ऐकत होते.

ती पोरगी पहिल्यांदा गोदीत येते, फोरमन यंत्राखाली झोपलेला असतो. मी वाचलं, "ए, फोरमन तूच?" मग त्याचा आवाज काढून, "तुला काय पाहिजे? पाना दे तो."

बाबांचा हात थांबला. "तो किती वर्षांचा म्हणालीस?"

"बेचाळीस."

"आणि ही?"

"तेवीस."

"आणि आल्याबरोबर अरे-तुरे?"

"बाबा, ते मित्र आहेत. पुढे आयुष्यभर तू-तूच करतात."

"पुढे ना. आज तर आत्ता भेटलेत."

"इंग्लिशमध्ये नुसतं यू आहे."

"असेल. तू मराठीत लिहितेयस ना?"

आमच्या स्टुडिओत जवळजवळ सगळेच सगळ्यांना तू म्हणतात. पहिल्या दिवशी मी ताईला तुम्ही म्हटलं तर ती म्हणाली, "मला म्हातारी करू नकोस." घरात आईला अगं, बाबांना अहो, पण बाहेर अख्खा दिवस तू. जुन्या मालिकेतलं तू तर माझ्या कानात वर्षानुवर्षं बसलेलं. इंजिनाचं नाव कोरं केलं, दारांची चाकं कोरी केली, आणि ही दोन माणसं मी वापरून जुनी झालेलीच आणून ठेवली होती.

बाबा लसूण बाजूला ठेवून म्हणाले, "आमच्याकडे दरवर्षी नवे इंजिनिअर यायचे. शिकाऊ. तुझ्याएवढीच पोरं. मला पंधरा वर्षं झालेली, मी त्यांना मशीन शिकवायचो, आणि ते म्हणायचे, अरे, इकडे ये. आमच्यातच एक दुसरे फिटर होते, माझ्यापेक्षा चार वर्षं मागून लागलेले. त्यांना मात्र राव लावायचे. राव, जरा येता का."

"आडनाव विचारून ठरायचं ते," आई आतून म्हणाली.

"ते ठरायचं ठरायचं. मी सांगतोय वेगळंच. एक मुलगी आली होती साताऱ्याकडची. ती पहिल्या दिवसापासून मला तुम्ही. मी तिला मॅडम. ती म्हणायची मॅडम नको, मी म्हणायचो, असू द्या. तीन वर्षं असंच. एकदा चेन पुलीवर गिअरबॉक्स उचलत होतो, हुक सरकला. ती ओरडली, अरे धर ना, धर. मी धरला. खाली ठेवला. मग तिच्या लक्षात आलं आणि ती लाल. सॉरी सॉरी करायला लागली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, राहू दे आता तसंच." बाबा हसले. "तिने तू म्हटलेलं मला आवडलं. त्याच्या आधी तीन वर्षं तुम्ही होतं ना. बाकीच्यांचं काय, ते तूपासूनच सुरू करायचे, मग पुढे जायला जागाच नाही."

एवढं बोलून ते परत लसणाकडे वळले. मी चारही एपिसोड उघडले. जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये दोघं एकत्र, आणि प्रत्येक सीन चुकीचा. ताईला सांगितलं तर चार पास झालेले एपिसोड माझ्यामुळे मागे येणार, तेही रेकॉर्डिंगच्या दिवशी. नाही सांगितलं तर कोणाला कळणारही नव्हतं. खरंच नसतं कळलं. पण मला आता तो यंत्राखाली झोपलेला माणूस बाबांसारखाच दिसायला लागला होता, कारखान्याच्या त्याच निळ्या शर्टात.

सोमवारी मी नऊलाच पोचले आणि ताईला सगळं सांगितलं. बाबांची गोष्ट नाही सांगितली. फक्त एवढंच की तू चुकलंय, तुम्ही पाहिजे, दोघांकडूनही. ती अधिकारी आहे म्हणून तो तिला मॅडम म्हणेल, तो मोठा आहे म्हणून ती त्याला तुम्ही.

ताईने चष्मा काढला. तिने चष्मा काढला की आम्ही घाबरतो.

"पास झालंय हे. मी केलंय पास."

"हो. मी लिहिलंय, तू पास केलंस, दोघींनाही दिसलं नाही."

"मला मध्ये घेऊ नकोस. काका खाली चहा पितायत. दहाला लागणारेत माइकवर."

काका म्हणजे मेकॅनिकचा आवाज. जुन्या तीन सीझनलाही तेच होते, साठी उलटलेली, आणि त्यांचा घसा म्हणजे आमच्या स्टुडिओची इस्टेट. ते तेवढ्यात वर आलेच, हातात कटिंग चहा घेऊन. काय चाललंय विचारलं. ताई म्हणाली, "या बाईसाहेबांना तुमचं तू काढून घ्यायचंय."

काका म्हणाले, "घे की. मी तर विचारणारच होतो. पहिल्या भेटीत ए म्हणते ती, मला वाटलं हल्लीच्या पोरी अशाच."

ताईने घड्याळाकडे बघितलं. "साडेदहापर्यंत पहिला एपिसोड बदलून दे. लिप बसली तर बाकीचेही बदल. नाही बसली तर पास झालेलंच जाईल आणि पाचवा एपिसोड मी दुसऱ्या कोणाला तरी देते. मला सीझनच्या मध्ये मन बदलणारी माणसं परवडत नाहीत."

मी जिन्यात जाऊन बसले, कारण आत काका आवाज मोकळा करत होते. तेव्हा ज्या स्पीडने टाइप केलं त्या स्पीडने मी आयुष्यात कधी टाइप केलं नसेल. भीती होती की तुम्ही लांबडं आहे, आणि त्यात ओठ मिटतात ते वेगळंच. पण करायला घेतलं आणि एक मजेशीर गोष्ट कळली. मराठीत तू किंवा तुम्ही म्हणावंच लागत नाही. क्रियापदातच सगळं असतं. धर चं धरा, थांब चं थांबा, बघ चं बघा. तोंड जवळजवळ तेवढंच उघडतं आणि माणूस दुसराच होतो. पहिली ओळ सगळ्यात अवघड होती, सहा-सातच अक्षरांची जागा. मी लिहिलं, "फोरमन तुम्ही?" आणि त्याची ओळ, "पाना द्या तो, मॅडम." मॅडमला ओठ मिटायला हवेत, तर पडद्यावर तो बोलता बोलता खरंच ओठ मिटत होता, कपाळावरचा घाम पुसताना. काही गोष्टी फुकट मिळतात.

साडेदहाला दिलं. तरुण कप्तान बाईचा आवाज करणारी मुलगी मुलुंडची आहे, तीही आलेली. दोघं माइकवर. खालचं कटिंग मशीन सुरू झालं, थांबलो, बंद झालं, परत. "फोरमन तुम्ही?" लिप बसली. पूर्ण एपिसोड दुपारपर्यंत संपला. ताई फक्त म्हणाली, "दुसरा कधी देतेस?" मी म्हटलं उद्या. ती म्हणाली, "आज."

पुढचे दहा-बारा दिवस मी झकास होते. थकलेली पण झकास. प्रश्न आता एकच उरला होता, पण तो मोठा होता. जुन्या मालिकेत दोघं तू म्हणतात. म्हणजे या आठ एपिसोडमध्ये कुठेतरी तुम्हीचं तू होणार. कुठे? इंग्लिशमध्ये काहीच खूण नाही, तिथे बिचारे पहिल्यापासून शेवटपर्यंत यू. मी पाचव्या एपिसोडमधला गळतीचा सीन तपासला. ती ओरडते, तो झडप बंद करतो. बाबांच्या चेन पुलीसारखाच सीन. लिहूनही टाकलं. मग खोडलं, कारण त्यांची मैत्री तोवर झालेली दिसत नव्हती, पुढच्याच सीनमध्ये ती वरिष्ठांकडे त्याची तक्रार करते.

शेवटी आठव्या एपिसोडमध्ये जागा सापडली. इंजिन पहिल्यांदा चालतं. सगळी गोदी गप्प, दिवे जातात, येतात, आणि जहाज हातभर पुढे गेलेलं दिसतं. हातभरच. पोरगी म्हणते, यू डिड इट. दोनदा म्हणते. एकदा, मग थोडं थांबून परत एकदा.

केलंत की केलंस? एका अक्षराचा फरक. ताई म्हणाली, "केलंत. ती अधिकारी आहे, आठ एपिसोड तुम्ही म्हटलंय, आता शेवटच्या पाच मिनिटांत कशाला? लोकांना वाटेल आपलीच चूक झाली. आणि चॅनलने चूक म्हणून एपिसोड परत पाठवला, तर मी पुढचा सीझन तुझ्यासाठी मागू शकणार नाही. हे मी आत्ताच सांगते."

ती रागावून नव्हती म्हणाली. खरंच तसंच असतं ते.

लंच ब्रेकमध्ये मी जिन्यातून बाबांना फोन लावला. ते भाजी घेत होते.

"बाबा, एक विचारू? तिने त्याला आता केलंस म्हणायचं की केलंत?"

"कधी? थांब. मावशी, मेथी कशी दिलीत? हां, दोन द्या. बोल."

मी सीन सांगितला. ते ऐकत होते, मागे कोणीतरी कोथिंबीर-कोथिंबीर ओरडत होतं.

"ती उभी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"अगं, साहेब लोक वर गॅलरीत उभे राहतात ना, कठड्याला धरून. ती वर आहे की खाली त्याच्याजवळ?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे मी तो सीन पन्नास वेळा बघितला होता, पण तोंडच बघत होते, पाय नव्हते बघितले. फोन चालूच ठेवून आत पळाले, सीन लावला. ती वरच्या गॅलरीत असते. दिवे येतात तशी लोखंडी शिडीवरून उतरायला लागते. पहिलं वाक्य शिडीवर आहे.

"शिडीवर आहे बाबा."

"मग उतरू दे ना आधी," ते म्हणाले. "मेथी आणतोय, संध्याकाळी लवकर ये."

सीन पुढे गेला. ती खाली उतरते, त्याच्यासमोर येऊन थांबते, त्याचे हात काळे झालेले, तिच्या पांढऱ्या युनिफॉर्मला काहीतरी लागलेलं. आणि दुसरं वाक्य. तिथे ती अगदी हळू म्हणते.

मी ताईकडे गेले. लेखी काही नव्हतं, तोंडीच सांगितलं. शिडीवर केलंत, खाली केलंस. ताईने सीन परत लावला, आवाज बंद करून. एकदा, दोनदा. नंतर म्हणाली, "एक टेक करून बघू. मला नाही पटलं तर दोन्हीकडे केलंत."

मुलुंडची मुलगी माइकवर गेली. पहिलं, जोरात, धापा टाकत, "केलंत तुम्ही." मग तिने पॉज घेतला, पडद्याकडे बघत, आणि तो स इतका हलका सोडला की मला वाटलं रेकॉर्ड झालाच नाही. "केलंस."

पुढची ओळ काकांची होती. मी लिहिलेलं होतं, "या मॅडम, बघा." काका बोललेच नाहीत. पडद्यावर मेकॅनिकचं तोंड हललं आणि काका गप्प. ताईने काचेपलीकडे बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबलं, "काका, क्यू गेला."

काका काचेपलीकडून म्हणाले, "गेला नाही, मीच सोडला. ती केलंस म्हणाल्यावर मी मॅडम कुठून आणू? निघेना घशातून."

"मग काय म्हणणार?"

"परत लावा."

परत लावलं. तुम्ही, पॉज, केलंस. आणि काका त्यांच्या जुन्या, मला कॉलेजपासून पाठ असलेल्या आवाजात म्हणाले, "ये. बघ." लिप आधीपेक्षाही चांगली बसली, कारण पडद्यावरचा माणूस मॅडमइतकं कधी बोललाच नव्हता, ते मीच ताणून बसवलं होतं.

मी ताईच्या मागे उभी होते, नखं खात होते म्हटलं तरी चालेल. मग ती टॉकबॅकवर म्हणाली, "ओके टेक. पुढचं." आणि मागे न बघता मला, "तो मॅडम स्क्रिप्टमधून काढ. नाहीतर चॅनलवाले विचारत बसतील."

एपिसोड चॅनलकडे गेला आणि परत आला नाही. आठ दिवसांनी ताई माझ्या टेबलाशी आली तेव्हा मी दुसऱ्याच कोणाच्या तरी कार्टूनला मदत करत होते. म्हणाली, दुसऱ्या सीझनची फाइल आलीय, दहा एपिसोड, त्यात त्या रोबोटला बोलता यायला लागतं. तो कोणाला तू म्हणतो आणि कोणाला तुम्ही, हे शुक्रवारपर्यंत तिला एका कागदावर लिहून हवं होतं. पहिला एपिसोड लिहायच्या आधी, ती दोनदा म्हणाली, आधी.

मी कार्टून तिथेच सोडलं आणि फाइल उघडली.